गाऱ्हाणे सातासमुद्रापलीकडचे

परदेशात राहून परत आलेल्या माणसाला आपल्याकडची मंडळी हटकून दोन प्रश्न विचारतात. एक, तिकडे पगार किती मिळत होता? आणि दुसरा, तिकडची माणसे कशी असतात हो? पहिल्या प्रश्नाला मी नुसता हसतो. दुसऱ्याचे उत्तर द्यायचे तर मला निदान दोन कप चहा लागतो आणि विचारणाऱ्याला तेवढी सवड नसते. दिवाळी अंकाचा वाचक मात्र फराळाचे ताट पुढे घेऊन बसलेला असतो. त्याला उठायची घाई नसते. म्हणून ही हकिकत येथे सांगतो.

मी तेरा वर्षे मॉरिशसला होतो, १९८३ ते १९९६. आता मॉरिशस म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे निळा समुद्र आणि मधुचंद्राला गेलेली जोडपी येतात. मी गेलो तो पोटासाठी. परळच्या एका गिरणीत मी रंगखात्याचा मास्तर होतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि तो संप कधी रीतसर संपलाच नाही. भोंगे बंद झाले. सहा महिने वाट पाहिली, वर्ष वाट पाहिली. घरात आई, पत्नी, जेमतेम दीड वर्षाची मुलगी, आणि सुताला रंग देण्यापलीकडे हातात दुसरी विद्या नाही. अशा वेळी एका स्नेह्याने मॉरिशसमधल्या स्वेटरच्या कारखान्याची जाहिरात आणून दाखवली. १९७० साली तिथल्या सरकारने निर्यातीच्या कारखान्यांसाठी खास कायदा केला होता, आणि त्यानंतर गावोगाव शिलाईची यंत्रे खडखडू लागली होती. मौज अशी, की त्या बेटावर मेंढ्यांचे कळप नाहीत, थंडी म्हणावी अशी थंडी नाही, आणि तिथून जहाजे भरभरून लोकरीचे स्वेटर युरोपला जात. लोकर बाहेरची, गिऱ्हाईक बाहेरचे आणि रंगारी परळचा!

बेट तसे एवढेसे. आपल्या एकट्या पुणे जिल्ह्यात तशी आठ बेटे सहज मावतील. आम्ही जूनमध्ये उतरलो. आपल्याकडे पहिला पाऊस पडत असतो तेव्हा तिथे हिवाळा. वाक्वा नावाचे उंचावरचे गाव, त्यात बारीक झिमझिम, सगळीकडे पुरुषभर उंचीचा ऊस आणि त्याच्या डोक्यावर तुरे. आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्या रात्री एवढेच विचारले, "हे दोन वर्षांचंच आहे ना?" मी हो म्हणालो. करार खरोखरच दोन वर्षांचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात गेलो तर भाजीवाली ओरडत होती, "कोतोमिली, कोतोमिली!" पाहिले तर कोथिंबीर. वांग्याला ब्रेंझेल, कढीलिंबाला कारीपिले. कोपऱ्यावर एक म्हातारा कढईत 'गातो पिमा' तळत होता. तो साक्षात आपला डाळीचा वडा. तिथली रोजची बोली क्रिओल. तिचा बाप फ्रेंच खरा, पण तिच्या पदराला तमिळ, भोजपुरी, आफ्रिकी अशा नाना रंगांचे काठ आहेत. आमची कन्या तीन महिन्यांत ती बोली पोपटासारखी बोलू लागली. तिच्या आजीला पत्रातून हे कळवले तेव्हा आईचे उत्तर आले, "मुलीला शुभंकरोति येते का ते लिही."

आमच्या घरमालकीणबाईंचे वय तेव्हा साठीच्या पुढे. त्यांना सारे आवार 'तांतीन' म्हणे, म्हणजे आत्या, मावशी, काकू सगळे एकात. तिथे एकाच आवारात भावाभावांची घरे असतात. पलीकडच्या घरात तांतीनचा थोरला भाऊ राही. त्याला सगळे 'तोंतों' म्हणत. आम्ही मुंबईचे म्हटल्यावर तांतीनने आनंदाने टाळी वाजवली आणि भोजपुरीत म्हणाली, "आम्ही पण मराठी!"

मी लगेच मराठीत बोलू लागलो. तिला त्यातले एक अक्षर कळले नाही.

मॉरिशसमध्ये मराठी समाज आहे हे पुष्कळांना ठाऊक असते. गणेशचतुर्थीची तिथे सार्वजनिक सुट्टी असते, शाळांतून मराठी शिकवतात, कास्कावेलसारख्या खेड्यांत आपल्याकडच्या जाखडीच्या नात्यातला झाकरी नाच टिकून आहे. पण घरात बोलायची भाषा म्हणाल तर ती बहुतेकांची कधीच गेली. तांतीनच्या शब्दसंग्रहात 'आई', 'बाप', 'देव' आणि 'पुरणपोळी' एवढे चार शब्द उरले होते, आणि हे चार शब्द उरले असता माणूस अगदीच निर्धन झाला असे मी तरी म्हणणार नाही.

पहिले वर्ष असेच गेले. पुढच्या जूनमध्ये, ऊसतोडणी सुरू व्हायच्या आधीच्या एका रविवारी, तांतीनने आम्हांला पहाटे उठवले. आवाराच्या कोपऱ्यात लिचीचे झाड, त्याखाली चुना फासलेला एक धोंडा. त्याच्यापुढे नारळ, एक कोंबडा, आणि ताडी-माडीच्या जागी रमची बाटली. साखरेच्या बेटावर देवही उसाचीच घेणार! सगळे कुटुंब अर्धवर्तुळात उभे राहिले. तोंतोंने डोक्यावरची हॅट काढली, हात जोडले आणि एका सुरात, एका दमात काही म्हणायला सुरुवात केली. क्रिओल नव्हे, भोजपुरी नव्हे. झिजलेल्या नाण्यावरची अक्षरे जशी दिसतात तसे ते शब्द ऐकू येत होते. मध्येच तो थांबे, आणि लहानथोर सारे एका आवाजात म्हणत, "व्हय म्हाराजा!"

माझ्या अंगावर काटा आला. ते गाऱ्हाणे होते!

मी देशावरचा. आमच्या घरी गाऱ्हाणे नाही. पण आमच्या रंगखात्यातले जॉबर मालवणकडचे होते. दर दसऱ्याला यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या की ते नारळ हातात घेऊन वाफेच्या पिंपांपुढे उभे राहत आणि गाऱ्हाणे घालत; खात्यातले तीनशे कामगार "व्हय म्हाराजा" म्हणत. तो आवाज पत्र्याला लागून परत येई. संपानंतर तो मी ऐकला नव्हता. तो पुन्हा कानी पडला इथे, समुद्रापार, लिचीच्या झाडाखाली.

गाऱ्हाण्यात एक शब्द फिरून फिरून येत होता : 'बारापासा'. मी नंतर विचारले, याचा अर्थ काय? तांतीन म्हणाली, आमचा मूळपुरुष ज्या जहाजातून आला त्याचे ते नाव. तोंतों म्हणाला, छे, तो मूळपुरुषाच्या गावचा राजा. एक नातू पोर्ट लुईच्या कॉलेजात शिकत होता. त्याने ते एखादे बंदर असावे असा तर्क लढवला. मला मात्र जॉबरांचे शब्द आठवत होते, 'बारा-पाचाच्या देवा म्हाराजा'. बारा-पाच हा दक्षिण कोकणातल्या गावऱ्हाटीतला शब्द. देवाच्या कामात ज्यांचा मान, त्या सगळ्यांना तो एका मुठीत धरतो. मी हे समजावून सांगितले तेव्हा तांतीन बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ते गाव अजून असेल?"

गाव शोधायचे तर आधी कागद पाहिजे. मोका येथे महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे, १९७० साली स्थापन झालेली. करारबद्ध मजुरांची सारी दप्तरे तिथे जपून ठेवलेली आहेत. गुलामगिरी बंद झाली आणि उसाच्या मळ्यांना हात हवे झाले, तेव्हा १८३४ पासून सुमारे साडेचार लाख माणसे हिंदुस्थानातून त्या बेटावर नेली गेली. मुदत पाच वर्षांची, मजुरी महिना पाच रुपये. बरीचशी कलकत्त्याच्या बंदरातून, त्याखालोखाल मद्रासेहून. मुंबईहून गेलेली थोडी. पोर्ट लुईच्या धक्क्यावर सोळा दगडी पायऱ्या आहेत, त्या चढून ही माणसे बेटावर पाय ठेवीत. तेव्हा त्या जागेला 'कुली घाट' म्हणत. १९८७ साली त्याचे नाव आप्रवासी घाट झाले आणि २००६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतले. मी कामानिमित्त बंदरावर जाई तेव्हा त्या पायऱ्यांवरून जाणे कटाक्षाने टाळी. का, ते मला नीट सांगता येणार नाही. माझा करारही मुदतीचाच होता.

१९८५ मध्ये तांतीनला घेऊन मी मोक्याला गेलो. नंबर ठाऊक होता. तो त्या घरात एका जुन्या बायबलएवढ्या जाड हिशेबवहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलेला होता. तिथल्या माणसांनी मोठ्या आस्थेने नोंद काढून दिली. साल १८५४. मूळपुरुषाचे नाव, बापाचे नाव, वय वीस, उंची पाच फूट दोन इंच, उजव्या भुवईवर व्रण. फोटो नाही, मजुरांचे फोटो काढायची पद्धत पुढे पडली, आणि मुंबईकडचे लोक त्याआधीच येऊन गेलेले. आडनाव नाही. बंदर मुंबई, झिला रत्नागिरी, आणि गावाच्या रकान्यात : कोलोंबा.

कारकुनाच्या कानाला जे ऐकू आले ते त्याने लिहिले. कोकणात कोलोंबा नाही; पण रत्नागिरीजवळ कोळंबे आहे, संगमेश्वराकडे कोळंबे आहे, मालवणच्या खाडीपलीकडे कोळंब आहे आणि हे सारे तेव्हा रत्नागिरीच्याच जिल्ह्यात. आडनाव असते तर एका पोस्टकार्डाचे काम होते. तांतीन मात्र त्या कागदावरच्या भुवईच्या व्रणावर बोट ठेवून बसली होती. "हे त्याला कसं लागलं असेल?" ती सारखी विचारीत होती.

१९८६ च्या मेमध्ये रजेवर आलो. आईपाशी चार दिवस काढले आणि एस.टी.ने मालवणची वाट धरली. कोकण रेल्वे यायला अजून बारा वर्षे होती. सोबत नॅशनल पॅनासॉनिकचा टेपरेकॉर्डर, तो तोंतोंने हट्टाने दिलेला. वाटेत रत्नागिरीजवळच्या कोळंब्यात अर्धा दिवस चौकशी केली. माणसे अगत्यशील, चहा झाला, कोकम सरबत झाले. पण गाऱ्हाण्याच्या त्या धाटणीने माझे मन मालवणकडेच ओढले जात होते. तिथे आमचे जुने जॉबर उतरून घ्यायला आले होते.

त्यांना पाहून मला वाईट वाटले. गिरणीत हा गृहस्थ उघड्या हाताने पिंपातल्या रंगाची कस सांगे. आता घराच्या पडवीत काजूच्या बिया वाळत घातलेल्या, दोन म्हशी, आणि भिंतीवर गिरणीतल्या दसऱ्याचा फोटो. त्यांची मुले मुंबईतच होती, एक वॉचमन, एक टॅक्सीवर. कोळंबला जाताना खाडीच्या काठाने आम्ही चाललो होतो. आठापैकी पाच घरांना कुलपे. "चतुर्थीक येतत," जॉबर म्हणाले. मी त्यांना त्या कागदाची सारी कथा सांगितली. ऐकून घेतले आणि म्हणाले, "तेणा बोट धरल्यान, आमी येष्टी धरली. इतकोच फरक, साहेब."

देवळात एक वृद्ध मानकरी भेटले. त्यांनी आधी आडनाव विचारले. नाही म्हटल्यावर जात विचारली, वाडी विचारली. कागदाची नक्कल उलटसुलट करून पाहिली. शेवटी ती घडी करून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आडनाव नाय तर नाय. देवाक आडनाव लागणा नाय." मग एका पोराला नारळ आणायला पिटाळले.

मी टेपरेकॉर्डरचे बटण दाबले. त्यांनी गाऱ्हाणे घातले ते या गावातून समुद्रापार गेलेल्या, नाव विसरलेल्या लेकराबाळांसाठी. आणि त्यात 'या गावची असोत वा नसोत' असे सावधपणे घालायलाही ते विसरले नाहीत! "व्हय म्हाराजा" म्हणायला आम्ही तिघेच होतो : जॉबर, मी आणि नारळ आणलेला पोरगा. टेपवर मागे कावळे ओरडताहेत, एक कोंबडा आरवतो आहे, आणि दूर एस.टी.चा हॉर्न वाजतो आहे.

मुंबईला परतल्यावर कॅसेटची दुसरी बाजू कोरी होती. आई म्हणाली, "नातीसाठी माझंही काही घे की यात." तिने शुभंकरोति म्हटले, मग एक गोष्ट सांगितली, मग सुनेला लोणच्याच्या मिठाबद्दल सूचना दिल्या, आणि मग टेप संपेपर्यंत मला उपदेश केला.

वाक्व्याला पोचलो त्याच संध्याकाळी आवारात खुर्च्या मांडल्या गेल्या. आजूबाजूची वीस-बावीस माणसे जमली. टेप सुरू झाली. पहिले वाक्य कानी पडताच तोंतों खुर्चीतून उठला आणि त्याने हॅट काढली. मग एकेक करून सारे उठले. टेपमधला म्हातारा थांबला, आणि आमचे तिघांचे क्षीण "व्हय म्हाराजा" येण्याआधीच त्या आवारातून वीस गळ्यांचा होकार उठला. अर्थ कुणालाच माहीत नव्हता. पण थांबण्याची जागा त्यांना ठाऊक होती. माझी चार वर्षांची मुलगी तांतीनच्या कडेवरून, क्रिओलच्या हेलात, सर्वांत शेवटी आणि सर्वांत मोठ्याने म्हणाली.

टेप तीनदा लावली. तिसऱ्यांदा तांतीन म्हणाली, "तो कोंबडा पुन्हा ऐकव." मी तेवढाच भाग मागे-पुढे करून ऐकवला. मग कॅसेट उलटली आणि माझ्या आईचा आवाज सुरू झाला. मी बंद करायला गेलो तर तांतीनने माझा हात धरला. पुढची वीस मिनिटे, एक शब्दही समजत नसता, ती मान डोलावत ऐकत राहिली. लोणच्याच्या मिठापाशी हसलीसुद्धा. आईच्या आवाजातच ते असावे.

आई १९८९ मध्ये गेली. तार आली तेव्हा लगेचचे विमान नव्हते. मी पोचलो तो तिसऱ्या दिवशी. परतल्यावर तांतीनने मला काही विचारले नाही. संध्याकाळी तिने टेपरेकॉर्डर आणून आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला, कॅसेट दुसऱ्या बाजूने लावली, आणि भात निवडत बसली.

त्या कॅसेटची ती किती काळजी घेई याची साक्ष १९९४ च्या वादळात मिळाली. मॉरिशसचा माणूस वादळाचा इशारा आपण सणाची तिथी सांगतो तसा सांगतो : एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. चार नंबर म्हणजे ताशी १२० किलोमीटरचे झोत सुरू झाले, आता कोणी दाराबाहेर पडायचे नाही. १९६० च्या 'कॅरोल' वादळात तांतीनचे लाकडी घर छपरासकट उडाले होते. पुढे त्या बेटावर सिमेंटची सपाट घरे वाढली ती अशा अनुभवांमुळेच. १० फेब्रुवारी १९९४ रोजी 'हॉलंडा' आले. आम्ही सारे तिच्या मधल्या खोलीत. वारा असा, की भिंतीपलीकडून मालगाडी जाते आहे आणि ती संपतच नाही. खिडकीच्या फटीतून पाणी आडवे आत येत होते. मेणबत्तीच्या उजेडात तांतीन उठली, स्वयंपाकघरातून प्रेशर कुकर घेऊन आली, त्यात मोक्याचा कागद आणि कॅसेट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवली, झाकण फिरवून घट्ट लावले, आणि कुकर मांडीवर घेऊन रात्रभर बसून राहिली. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "शिटी तेवढी काढून ठेवा." त्या रात्रीतही सगळे हसले. सकाळी पाहतो तर ऊस सगळा जमिनीवर निजलेला आणि लिचीच्या झाडाची एक मोठी फांदी गेलेली. धोंडा जागच्या जागी होता.

दोन वर्षांच्या कराराची तेरा वर्षे कशी झाली ते सांगत बसत नाही. मुलगी मोठी होऊ लागली, स्वप्नातही क्रिओल बोलू लागली; तेव्हा पत्नीने एक दिवस शांतपणे बॅगा बाहेर काढल्या. ठाण्यात घर घेतले. २००५ पासून कोट्याची जुनी पद्धत गेली आणि चिनी माल जगभर मोकळा झाला. तेव्हा तिथले बरेच कारखाने बसले. आमच्या कारखान्याच्या जागी आता गोदामे आहेत असे ऐकतो. परळच्या गिरणीच्या जागी काय आहे ते तुम्ही जाणताच.

तांतीन २००१ मध्ये गेली, तोंतों तिच्या पाठोपाठ. आता गाऱ्हाणे घालतो तो कॉलेजात शिकणारा नातू; तो स्वतःच आजोबा व्हायच्या बेतात आहे. ती कॅसेट त्याने संगणकावर उतरवून घेतली आहे. कोळंब की कोळंबे, हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. त्याने दोनदा येऊन तिन्ही गावे पाहिली आणि तिन्ही ठिकाणी नारळ दिले.

२०१९ च्या जूनमध्ये त्याने पहाटे आम्हांला फोनवरून चित्रासह जोडून घेतले. तिकडच्या पहाटेला इकडे सूर्य चांगला वर आलेला असतो. आम्ही दोघे ठाण्याच्या स्वयंपाकघरात चहा घेत होतो, आणि मुलगी, तिचा संसार हल्ली टोरांटोत, तिथल्या रात्री जागी राहून जोडली गेली होती. लिचीचे झाड पुन्हा पसरले आहे. नातवाने हात जोडले आणि सुरुवात केली. शब्द स्पष्ट होते, टेप ऐकून ऐकून घासून लख्ख केलेले. फक्त एका ठिकाणी तो आपल्या आजोबांसारखाच म्हणाला : बारापासा.

संपल्यावर मी म्हटले, "अरे, तुला तर बरोबर शब्द माहीत आहे. टेपवर आहे."

"माहीत आहे ना, तोंतों," तो म्हणाला. "पण तो त्यांच्या गाऱ्हाण्यातला. आमच्याकडे बारापासाच म्हणतात."